रिकामे गोणपाट : शंभर वर्षांपूर्वीचा शाळेचा एक दिवस उभा करताना

पार्श्वभूमी

वारणा नदीच्या उत्तर काठावरील एका गावात जिल्हा परिषदेची मराठी शाळा आहे. हे गाव आज सांगली जिल्ह्यात मोडते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते ब्रिटिश अमलाखालील सातारा जिल्ह्यात होते आणि नदी ओलांडली की कोल्हापूर संस्थान सुरू होई. शाळेच्या स्थापनेला दीडशे वर्षे झाली तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीने एक दिवसाचा कार्यक्रम ठरवला. त्या दिवशी शाळा शंभर वर्षांपूर्वी भरत असे तशी भरवायची आणि मुलांनी त्या काळचा दिवस जगून दाखवायचा, अशी कल्पना होती. मी त्या वेळी तेथे उपशिक्षिका होते आणि कार्यक्रमाची जबाबदारी मुख्यतः माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतील बऱ्याच माझ्या आहेत. गावाचे आणि माणसांचे नाव कोठेही दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील वगळले आहेत.

कल्पना समितीची असली तरी तिला निमित्त मिळाले ते जनरल रजिस्टरमुळे, म्हणजे शाळेत दाखल होणाऱ्या मुलांच्या नोंदवहीमुळे. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि गावोगावच्या शाळांतील जुनी दप्तरे लोखंडी कपाटांतून बाहेर निघाली. आमच्याकडेही १९०८ ते १९२३ या काळाचे एक रजिस्टर आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांचे शेरेबुक सापडले. काही नोंदी बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत होत्या, काही मोडीत. तालुक्याच्या ठिकाणी नोंदी तपासण्यासाठी बसलेल्या मोडी वाचकांपैकी एका सेवानिवृत्त गृहस्थांनी दोन रविवार मोडून आम्हाला ती वाचून दिली. ज्यांना दाखला हवा होता ते लोक जातीच्या रकान्यावर बोट ठेवून निघून गेले. उरलेले रकाने आम्ही वाचत बसलो.

त्या काळची शाळा कशी होती

त्या रकान्यांतून, शेरेबुकातून आणि गावातील वृद्धांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टींतून जे चित्र उभे राहिले ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा पेच त्यातूनच आला.

लोकल बोर्डाची ही शाळा प्रथम देवळाच्या ओवरीत भरत असे. स्वतंत्र इमारत नंतर झाली. एकच मास्तर बिगरीपासून वरच्या इयत्तांपर्यंत सगळ्यांना शिकवीत आणि त्यांच्याकडेच गावच्या टपालाचेही काम असे, म्हणजे टपाल आले की शाळा वरच्या इयत्तेतल्या एखाद्या थोराड मुलाच्या हवाली होई. मुले जमिनीवर बसत. बस्कर किंवा पोते घरून आणावे लागे. जमीन शेणाने सारवलेली असे आणि सारवण्याचे काम मुलांकडेच असे. डोक्यावर टोपी किंवा पटका नसेल तर शाळेत येणे अप्रशस्त मानले जाई. पायांत काही असण्याचा प्रश्नच नव्हता.

अक्षरओळख ‘ओ ना मा सी धं’ ने होई. हे शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ चे पिढ्यान्‌पिढ्या झिजलेले रूप आहे हे म्हणणाऱ्या मुलाला ठाऊक नसे, आणि बहुधा मास्तरांनाही त्याची फिकीर नसे. दगडी पाटी व पेन्सिल रुळली होती. आमच्या समितीला धूळपाटीचे, म्हणजे धूळ पसरून तीवर अक्षरे काढायच्या पाटीचे, फार आकर्षण होते, परंतु रजिस्टरच्या काळापर्यंत ती मागे पडत चालली होती, म्हणून तिचा एकच नमुना ठेवावा असे ठरले. लेखनासाठी बोरू आणि दौत होती, काजळ व डिंक यांची शाई होती, आणि कित्ता गिरवणे हा रोजचा पाठ होता. बाळबोध वाचता आले की मोडीकडे वळायचे, कारण सावकाराचा कागद, तलाठ्याचे दप्तर आणि घरची पत्रे मोडीत असत. ज्या कुणब्याने पोराला शाळेत धाडले त्याला कवितेपेक्षा हा कागद वाचता येणे अधिक मोलाचे वाटत असावे.

गणिताची बाजू आज चकित करणारी आहे. पाढे तीसपर्यंत तोंडपाठ असत, आणि त्यापुढे अपूर्णांकांचे पाढे : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. संध्याकाळी घरी परवचा होई. सोळा आण्यांचा रुपया आणि वीस मणांची खंडी या मापांत जगणाऱ्या समाजाला औटकीचा उपयोग रोजचा होता. साडेतीन आणे शेर दराने तेरा शेर घेतले तर साडेपंचेचाळीस आणे झाले, म्हणजे दोन रुपये साडेतेरा आणे, हे उत्तर चौथीचा मुलगा बोटे न मोजता देई.

वर्ष शेतीच्या तंत्राने चाले. सुगीत हजेरी घसरे. सोडण्याच्या कारणांच्या रकान्यात ‘घरकाम’, ‘गुरे राखणे’, ‘परगावी’ ही कारणे पुन्हा पुन्हा येतात, आणि ज्या मोजक्या मुलींची नावे आहेत त्यांच्यापुढे बहुतेक ठिकाणी ‘लग्न’ असा एकच शब्द आहे. प्लेगच्या दिवसांत गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला जाई आणि शाळा बंद पडे. १९१८ च्या शरदातील इन्फ्ल्युएंझाच्या साथीनंतर काही नावांपुढे कसलाच शेरा नाही. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा होई. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार असले की गावचा पाटीलही धावपळीत पडे, आणि शेरेबुकातील इंग्रजी व मराठी शेरे पाहता ही धावपळ क्वचितच पुरी पडे.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. या गावात त्याची वार्ता पोहोचली असेलच असे नाही. नदीपलीकडच्या वार्ता मात्र नक्की पोहोचत असणार, कारण शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसवावे असा हुकूम काढला. अलीकडच्या काठावर तसा हुकूम नव्हता.

पेच

शेरेबुकात एका तपासणी अधिकाऱ्याने अशा अर्थाचा शेरा लिहिला होता, की अस्पृश्य वर्गातील मुले दाखल आहेत, ती ओसरीवर बसतात, त्यांच्याकडे लक्ष पुरवावे. कागदोपत्री पाहता सरकारी शाळा सर्वांना खुली होती. १८५६ साली धारवाडमध्ये एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला, ते प्रकरण वरपर्यंत गेले, आणि तेव्हापासून तत्त्व म्हणून कोणाला वगळता येणार नाही ही भूमिका सरकारी पत्रव्यवहारात दिसते. व्यवहारात शाळा देवळात भरत असेल तर तत्त्व ओसरीपर्यंतच येऊ शकत होते. स्वतंत्र इमारत झाल्यानंतरही ओसरीची जागा तशीच राहिली, असे गावातील दोन वेगवेगळ्या वस्त्यांतील वृद्धांनी स्वतंत्रपणे सांगितले. आमच्या त्या वेळच्या जिल्ह्याच्या मुख्य गावी, साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, भीमराव आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. बालपणी आपण घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत असू, ते रोज घरी परत न्यावे लागे आणि शिपायाने ओतल्याखेरीज पाणी मिळत नसे, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. हे सर्वांना माहीत होते. माहीत असणे आणि तीच गोष्ट आपल्या शाळेच्या ओसरीत, आपल्या आजोबांच्या नावासह समोर येणे यांत फार अंतर आहे, हे समितीच्या बैठकीत कळले.

प्रश्न असा होता, की जुना दिवस उभा करायचा तर ओसरीचे काय करायचे. रजिस्टरमधील ज्या मुलांपुढे ती जात लिहिली होती त्यांची नातवंडे-पतवंडे आजच्या वर्गात इतरांच्या मांडीला मांडी लावून बसतात. ज्यांचे पणजोबा आत बसत त्यांचीही बसतात. ओसरी दाखवली नाही तर दिवस खोटा ठरत होता. दाखवायची ठरवली, तर तेथे बसणार कोण?

याच्या जोडीला दोन लहान प्रश्न होते. पहिला छडीचा. दुसरा मुलींचा : रजिस्टरमध्ये मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि आमच्या पटावर निम्म्याहून अधिक. नऊवारी नेसवलेल्या आपल्या लेकीचे छायाचित्र काढण्यासाठी पालक आतुर होते.

विचारात घेतलेले पर्याय

मुलींचा प्रश्न सर्वांत लवकर सुटला आणि त्याचे श्रेय सहावीतील एका मुलीला आहे. रजिस्टरमध्ये मुलीच नाहीत तर आम्ही टोप्या घालून मुलगे होतो, असे ती म्हणाली. तसेच ठरले. सूत्रधाराने आरंभीच सांगावे, की टोपीखालच्या यांपैकी बहुतेक मुली त्या काळी येथे नसत्या. काही आया नाराज झाल्या. खण आणि नथी आधीच आणून झाल्या होत्या.

छडीबाबत समितीतील ज्येष्ठांना अडचणच दिसेना. उठाबशा, अंगठे धरून उभे राहणे, कोंबडा करणे हे दाखवले तर लोक हसतील, गंमत येईल, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरेही होते. मी तालमीपुरती संमती दिली. हा माझा पहिला चुकीचा निर्णय. तीन दिवसांच्या तालमीत मास्तर होण्यासाठी मुलांत भांडणे झाली, आणि कोंबडा होण्यासाठी प्रत्येक वेळी एकाच मुलाला पुढे ढकलले गेले. तो वर्गात वाचनात मागे असलेला, ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर निम्मे वर्ष बाहेर असणारा मुलगा होता. त्याने तक्रार केली नाही, उलट तो हसत होता. चौथ्या दिवशी तो शाळेत आला नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोहोंना बंदी आहे, हे मी प्रशिक्षणांत अनेकदा ऐकले होते. नाटकातली शिक्षा त्या कलमात बसते की नाही हा वाद येथे महत्त्वाचा नाही. मुलांना भूमिका वाटून घ्या म्हटले की ती आधीपासूनची उतरंड उचलतात, हे मला त्या मुलाच्या रिकाम्या जागेने दाखवले. मी त्याच्या घरी गेले, माफी मागितली आणि कोंबड्याचा प्रवेश काढून टाकला.

या अनुभवाचा परिणाम ओसरीच्या निर्णयावर थेट झाला. तोपर्यंत समितीपुढे तीन मते होती. एक मत असे, की ओसरीचा विषयच नको. सण आहे, जुने उकरून गावात कटुता कशाला. हे मत मांडणारे सगळे एकाच बाजूचे नव्हते, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. बौद्ध वस्तीतील एका पालकानेही तेच म्हटले, आणि त्यांचे कारण वेगळे होते : माझ्या पोराकडे त्या दिवशी सगळ्यांनी वळून बघावे असे मला वाटत नाही. दुसरे मत चिठ्ठ्या टाकण्याचे होते. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल तो बाहेर बसेल, म्हणजे जातीचा संबंधच येणार नाही. ही सूचना एका तरुण शिक्षकाची होती आणि मला ती आधी पटली होती. परंतु त्या काळी चिठ्ठी टाकून कोणी बाहेर बसत नव्हते. दैवाने बाहेर गेलेला मुलगा दाखवला तर घडलेल्या गोष्टीचा कर्ताच नाहीसा होतो; शिवाय कोंबड्याच्या तालमीनंतर ती चिठ्ठी कोणत्या मुलाच्या हाती सरकवली जाईल याचीही मला खात्री उरली नव्हती. तिसरे मत, शिक्षकांनी स्वतः ओसरीवर बसावे, हे मुख्याध्यापकांचे. सद्भावना होती, पण मोठ्या माणसाने आठ वर्षांच्या मुलाची जागा घेणे बेगडी दिसले असते.

घेतलेला निर्णय

शेवटी मी असे सुचवले की ओसरीवर एक गोणपाट अंथरावे, त्यावर एक पाटी ठेवावी, तेथे कोणीही बसू नये, आणि शेजारच्या फलकावर ही जागा कोणाची होती ते चार ओळींत लिहावे. सूत्रधार वर्गाचे वर्णन करताना एकदा तिकडे हात करील. कोणत्याही मुलाला भूमिका करावी लागणार नव्हती आणि गोष्ट लपणारही नव्हती. समितीने हे एकमताने मान्य केले. इतक्या सहजपणे एकमत झाले याचा मला त्या वेळी संशय यायला हवा होता.

रजिस्टरबाबत आणखी एक निर्णय घ्यावा लागला. मूळ पाने प्रदर्शनात मांडावीत अशी मागणी होती. त्या पानांवर जातीचे रकाने, वर्तनाचे शेरे, कोणाच्या आजोबांपुढे ‘बुद्धी मंद’ अशी नोंद होती, आणि नोंदींच्या शोधामुळे गावात त्या पानांविषयीची उत्सुकता निरागस उरली नव्हती. आम्ही मूळ रजिस्टर कपाटात ठेवले आणि नावे व जाती झाकलेल्या काही ओळींच्या मोठ्या प्रती काढल्या : दाखल झाल्याचे वय, इयत्ता, सोडण्याचे कारण, शेरा. प्रत्येक प्रतीखाली मोडीतील शब्द बाळबोधीत दिला. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो, जरी त्याचीच एक बाजू पुढे अडचणीची ठरली.

तो दिवस

सकाळी पाढ्यांनी सुरुवात झाली. सातवीच्या मुलांनी औटकी दहापर्यंत बसवली होती. ती म्हणून होताच मागे बसलेल्या एका नव्वदीच्या आजोबांनी अकरापासून पुढची वीसपर्यंत एका दमात म्हणून टाकली. हे कार्यक्रमात नव्हते. सगळी शाळा उभी राहिली. कित्त्याच्या वर्गात बोरूने लिहिताना मुलांनी कपडे शाईने भरवले, पाटी थुंकी लावून पुसू नये असे दटावण्याची पाळी आमच्या आजच्या मास्तरांवर खरोखरच आली, आणि दिपोटींच्या तपासणीचा प्रवेश रंगला. टोप्या घातलेल्या मुलींना पाहून बायका पदराआड हसल्या. सूत्रधाराचे वाक्य ऐकल्यावर काही गप्प झाल्या.

ओसरीकडे सूत्रधाराने हात केला तेव्हाही शांतता पसरली. फलक वाचण्यासाठी बरेच लोक थांबले. माझ्या मते निर्णय यशस्वी झाला होता.

दुपारी पंगतीच्या आधी बौद्ध वस्तीतील ऐंशीच्या पुढच्या एक आजी नातसुनेचा हात धरून ओसरीवर आल्या. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून नातसुनेने फलक वाचून दाखवला. त्यांनी मला बोलावले आणि विचारले, “बाई, हे रिकामं का ठेवलंय? आमचं मामंजी हितंच बसून चौथी पास झालं.”

मी त्यांना कारण सांगू लागले : कोणा मुलाला बसवणे बरे दिसले नसते, म्हणून. त्यांनी ते ऐकून घेतले. मग त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा, की त्यांचे सासरे त्या जागेवर बसून मोडी शिकले, पुढे मुंबईला गिरणीत गेले, परत आल्यावर वस्तीतल्या सगळ्यांची पत्रे वाचीत आणि लिहीत, आणि वतनाच्या जमिनीच्या एका कागदातील लबाडी त्यांनी स्वतः वाचून पकडली होती. फलकावर बाहेर बसवले एवढेच होते. बाहेर बसून ते काय शिकले याचा त्यावर एक शब्द नव्हता. रिकाम्या जागेने त्यांचा अपमान दाखवला आणि त्यांना मात्र पुसून टाकले, हे त्यांनी असे शब्द न वापरता मला सांगितले.

मी कपाट उघडून रजिस्टर काढले. आजींनी सांगितलेल्या नावाची ओळ सापडली : दाखल १९१३, सोडले तेव्हा इयत्ता चौथी पास, कारण ‘मुंबईस गेला’. विशेष म्हणजे आम्ही काढलेल्या मोठ्या प्रतींत ही ओळ होतीच. आतल्या खोलीच्या भिंतीवर, नाव आणि जात झाकून, ती सकाळपासून लागलेली होती. नावे झाकण्याच्या निर्णयामुळे ती ओळ ओसरीवरच्या मुलाची आहे हे कोणालाच कळले नव्हते. मलाही नाही. आजींच्या आणि त्यांच्या मुलाच्या संमतीने आम्ही ती प्रत भिंतीवरून काढून नाव उघडे केले आणि ओसरीवर गोणपाटाशेजारी लावली. त्यांच्या पतवंडाने, जो आमच्याच पाचवीत होता, स्वतः होऊन पाटीवर मोडीत खापरपणजोबांचे नाव लिहिण्याचा प्रयत्न केला; मोडी वाचक गृहस्थांनी त्याचा हात धरून अक्षरे दुरुस्त केली.

याच वेळी तिसरीतल्या एका मुलीने, तहान लागली की त्यांना पाणी कोण द्यायचे, असे विचारले. आम्ही दिवसाच्या सजावटीसाठी तांब्याची घागर आत कोपऱ्यात ठेवली होती आणि सकाळपासून सगळी मुले तिच्यातून पाणी घेत होती. तयारीच्या महिनाभरात घागर कोठे ठेवावी याचा विचार मी केवळ शोभेच्या दृष्टीने केला होता. आजींना याबाबत सांगण्यासारखे होते, ते त्यांनी त्या मुलीला जवळ बसवून सांगितले. मी ते येथे उतरवत नाही, कारण ते त्यांनी तिला सांगितले होते.

परिणाम

गावच्या व्हॉट्सॲप गटांवर त्या दिवशीची छायाचित्रे दोन दिवस फिरली. त्यांत पाढे होते, टोप्या होत्या, दिपोटींची मिशी होती. ओसरीचे एकही छायाचित्र मला दिसले नाही. एका छायाचित्रात ओसरीची कड होती, ती पुढच्या वेळी कापून आली. समितीच्या एका सदस्याने नंतर मुख्याध्यापकांकडे नाव जाहीर केल्याबद्दल हरकत घेतली. ज्यांचे नाव होते त्यांच्या घरच्यांची लेखी संमती होती हे दाखवल्यावर विषय तेथेच थांबला, मात्र ती संमती त्या गडबडीत मी एका कागदाच्या तुकड्यावर घेतली होती हे कबूल केले पाहिजे. विषय न काढण्याचा आग्रह धरणारे पालक दुसऱ्या दिवशी आले आणि त्यांनी आपल्या घरच्या आजोबांचीही ओळ रजिस्टरमध्ये आहे का ते विचारले. ती नव्हती. त्यांचे आजोबा शाळेत आलेच नव्हते.

कोंबडा झालेला मुलगा कार्यक्रमाच्या दिवशी आला होता आणि तपासणीच्या प्रवेशात दिपोटींचा घोडा धरून उभा होता. ही भूमिका त्याने स्वतः मागितली होती. जानेवारीत तो पुन्हा तोडीला गेला.

आज पुन्हा करायचे झाल्यास

पहिली गोष्ट क्रमाची. आम्ही आधी प्रयोग ठरवला, मग त्यात ओसरी कशी बसवावी याचा विचार केला आणि ज्यांच्या घरातले लोक ओसरीवर बसले होते त्यांना प्रेक्षक म्हणून बोलावले. समितीत त्या वस्तीचे दोन सदस्य होते म्हणून त्यांचे मत घेतले असे मी मानून चालले. समितीत बसलेला माणूस आणि घरात आठवण जपून असलेला माणूस एकच असेल असे नाही. आजींचे घर शाळेपासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि तयारीच्या महिनाभरात मी तेथे एकदाही गेले नव्हते.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागेच्या मोहाची. कोणालाही दुखावू नये, कोणालाही पुढे करू नये या हेतूने घेतलेला तो निर्णय बैठकीत सर्वांनाच सोयीचा वाटला. रिकाम्या गोणपाटापुढे थांबून गंभीर होणे कोणालाच जड नव्हते. तेथे बसून मोडी शिकलेल्या मुलापुढे थांबणे अधिक कठीण गेले असते, कारण मग आत बसलेल्यांपैकी कितीजण चौथी पास झाले हाही हिशेब कोणी मागितला असता. आता मी तेथे गोणपाट ठेवीन, पाटी ठेवीन, आणि त्या पाटीवर त्या मुलाचा त्या दिवसाचा पाठ ठेवीन.

नावे झाकण्याबाबत माझे मत अजून दुहेरी आहे. सरसकट झाकणे सुरक्षित होते, परंतु प्रत्येक ओळीमागच्या घराला आधी विचारले असते तर कोणती ओळ झाकायची आणि कोणती उघडी ठेवायची हे त्यांनीच सांगितले असते. यासाठी वेळ लागला असता. तो आमच्याकडे होता. आम्ही तो टोप्या शिवण्यात घालवला.

छडीविषयी मी तडजोड करणार नाही. तिची हकिगत एखाद्या वृद्धाने सांगावी आणि मुलांनी ऐकावी. मुलांच्या हाती ती देऊ नये, थर्मोकोलचीसुद्धा.

आणखी एक काम अपुरे आहे. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला आणि सार्वजनिक पैशांतून चालणाऱ्या शाळा, पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात हे सरकारचे धोरण ठरले. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदाही झाला. आमचे रजिस्टर १९२३ लाच संपते. ओसरीवरची मुले आत कधी आली हे पुढच्या रजिस्टरवरून कळेल असे नाही, परंतु पुढच्या शेरेबुकात कदाचित एखादी ओळ असेल. ते शेरेबुक शाळेत नाही. पंचायत समितीच्या जुन्या दप्तरात शोध घेण्यासाठी मुख्याध्यापकांनी अर्ज दिला आहे. आजींच्या सासऱ्यांबरोबर त्याच वर्षी त्याच वस्तीतून दाखल झालेल्या आणखी एका मुलाचे नाव रजिस्टरमध्ये आहे. तो दुसरीतून गेला, कारणाचा रकाना कोरा आहे. त्याचे घराणे फार पूर्वी मुंबईला गेले. आजींनी त्यांचा पत्ता मिळवून दिला, त्यावर आम्ही पत्र पाठवले आहे आणि अद्याप उत्तर आलेले नाही.